मोटारीचे झाकण आणि त्याची बिजागरी



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. मोटारीचे बॉनेट कसे उघडते, ह्यावर बोलण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटले असावे. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, तेव्हापासून वेदान्तापासून चलनवाढीपर्यंतचे विषय अशा व्यासपीठांवर आले. बिजागरी बहुधा आली नसावी. आमचे शिक्षण शाळेत थोडे, गॅरेजात आणि गिरणीच्या फाटकावर पुष्कळ झाले. म्हणून आम्हांला हाच विषय सुचला.

शिवाय मोटारीशी सोलापूरचे नाते जुने आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म ह्याच गावी १८८२ साली झाला. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढावयाचा ही विश्वेश्वरय्यांची योजना त्यांनी उचलली, अमेरिकेतील क्रायसलर कंपनीशी बोलणी केली, परकीय सरकारच्या उदासीनतेशी टक्कर दिली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तेथेच इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या आणि १९७४ नंतर त्यांना पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. तिची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आमचे बालपण ह्याच गाड्यांच्या बॉनेटखाली गेले.

आता झाकणाकडे वळू. पहिल्या मोटारींचे बॉनेट आजच्यासारखे अखंड नव्हते. मधोमध लांब बिजागरी आणि दोन्ही बाजूंस पत्र्याचे दोन पंख, अशी त्याची रचना असे. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनली. तिचे झाकणही ह्याच जातीचे. एक पंख वर करावा आणि त्या बाजूचे काम करावे. दुसऱ्या बाजूस काम निघाले तर गाडीला वळसा घालून तिकडचा पंख उचलावा. गैरसोय होती खरी, पण एक सोय मोठी होती. पंख हलका असल्याने तो पडला तरी माणसाची बोटे शाबूत राहत. शर्यतीच्या गाड्यांवर तर बॉनेटभोवती चामड्याचा पट्टा आवळीत, बैलाच्या पोटाखालून आवळतात तसा. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला तो ह्याच पंखांच्या काळात.

१९३५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॉर्ड कंपनीने एक गाडी मांडली. तिचे बॉनेट अखंड होते, बिजागरी काचेच्या बाजूस होती आणि ते पुढून वर उचलले जाई. मगरीने जबडा उघडावा तसे ते दिसे, म्हणून इंग्रजीत त्यास मगरीचेच नाव पडले. गाड्या रुंद झाल्या, मडगार्डे अंगात मिसळली, बाजूने हात घालावयास जागा उरली नाही; तेव्हा ही रीत सर्वत्र पसरली. आपली अँबॅसडर १९५७ साली आली ती हाच जबडा घेऊन. अमेरिकेच्या ब्यूइक गाडीने १९४१ पासून आणखी एक युक्ती केली: झाकण डावीकडूनही उघडे आणि उजवीकडूनही. खटक्याचेच काम बिजागरी करी.

जबड्यात मात्र एक दोष आहे. धावत्या गाडीचा खटका सुटला तर वारा झाकणाखाली शिरतो आणि ते उलटून समोरच्या काचेवर आदळते. चालकाला एकाएकी काही दिसेनासे होते. म्हणून पहिला खटका सुटला तरी झाकण धरून ठेवणारा दुसरा आकडा बसवू लागले. अमेरिकेत १९६९ पासून पुढून उघडणाऱ्या बॉनेटास असा दुहेरी बंदोबस्त कायद्याने सक्तीचा झाला. आज आपण बॉनेट उघडताना फटीतून बोट घालून जी पट्टी चाचपतो, ती हीच.

वाऱ्याला जिंकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बिजागरीच पुढे नेणे. मग खटका सुटला तरी वाराच झाकण दाबून ठेवतो. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या ट्रायम्फ हेरल्ड ह्या गाडीत तर मडगार्डांसकट सारा पुढचा भाग ओणवा होतो आणि मिस्त्री चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकतो. हीच गाडी १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनू लागली. त्याच १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची ई-टाईप आली. तिचे लांबलचक तोंड असेच पुढे झुकते.

येथून आम्ही आमच्या खऱ्या विषयाला येतो. कारखान्याने एका रीतीने दिलेले बॉनेट प्रदर्शनासाठी दुसऱ्या रीतीने उघडावे, हा हौशी लोकांचा छंद. अमेरिकेत ओकलंड येथे १९५० पासून हौशी लोकांनी घडविलेल्या गाड्यांचे प्रदर्शन भरू लागले. इंजिनाला मुलामा द्यावयाचा, नळ्या घासूनपुसून आरशासारख्या करावयाच्या, तर ते सारे लोकांना दिसले पाहिजे. जबडा पद्धतीचे झाकण समोरून आत डोकावू देते, परंतु गाडीचा चेहरा त्याच्याआड जातो. तेच पुढे ओणवे केले की दोन्ही बाजूंनी इंजिन उघडे पडते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. मागच्या बिजागऱ्या कापून पुढे डागल्या की झाले, असे समजणाऱ्याचा रंग पहिल्याच दिवशी खरवडून निघतो. पुढची कड फिरताना खाली आणि आत जाते; ती जाळीवर घासू नये म्हणून आस रेडिएटरच्या पुढे आणि बराच खाली घ्यावा लागतो. खटका मागे डॅशबोर्डाजवळ न्यावा लागतो. पत्रा मूळच्या आधारावरून सुटल्याने लवतो, म्हणून आतून चौकट बांधावी लागते. उघडे झाकण तोलून धरण्यास साधा टेकू पुरत नाही. डिक्कीला असतो तसा वायूचा शॉकर लागतो, आणि तो कोणत्या कोनात लावला ह्यावर झाकण तरंगते की कोसळते हे ठरते. शॉकरमध्ये नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. तो झिरपू लागला की वर्षा-दोन वर्षांनी शक्ती जाते आणि आदल्या दिवशी तरंगणारे झाकण दुसऱ्या दिवशी डोक्यात बसते.

ही भीती आम्ही पुस्तकातून घेतलेली नाही. शाळा सुटल्यावर आम्ही ज्या गॅरेजात पाने-पकडी देण्याचे काम करीत होतो, तेथे एका अँबॅसडरचा टेकू निसटून आमच्या सोबतच्या पोऱ्याच्या तीन बोटांवर बॉनेट आले. मालकाने हळद लावून त्याला घरी पाठविले आणि त्या दिवसाचा रोज कापला. टेकू झिजला आहे हे सर्वांना ठाऊक होते. गिरणीत कापूस पिंजणाऱ्या बीटरचे झाकण यंत्र थांबल्याशिवाय उघडू नये, ह्यासाठी आम्ही पुढे भांडलो. २०२५ पर्यंत चाललेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे एकविसावे कलम आम्हांला तोंडपाठ होते: धोक्याच्या यंत्राला कठडा असलाच पाहिजे. परंतु गिरणीला लागू असलेला तो कायदा चार माणसांच्या गॅरेजच्या उंबऱ्याशी येऊन थांबे.

मालकाला अडविणारा कायदा मात्र आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते कडक शब्दांत सांगितले. त्यामुळे असली कामे बहुधा प्रदर्शनापुरती होतात. कायदा रजिस्टरातील गाडी पाहतो, तिच्याखाली वाकलेला माणूस पाहत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

मध्यंतरी आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने असे एक बॉनेट उलटे करून दिले. तीन आठवडे तो, एक डेंटर आणि एक शिकाऊ मुलगा खपत होते. जुने पद्मशाली घर. वडील मागावर होते, त्यामुळे दोरी आणि तोल ह्यांचे ज्ञान रक्तातच. त्याने आधी पुठ्ठ्याचे बॉनेट कापून ते खिळ्यावर फिरवून पाहिले, मगच पत्र्याला हात लावला. प्रदर्शनाच्या दिवशी गाडीपुढे पाटी होती. तीत मालकाचे नाव, रंगाचे नाव आणि इंजिनाची शक्ती होती. वेल्डरचे नाव नव्हते. आम्ही मालकांना तसे बोललो. ते भले गृहस्थ, ओशाळले, आणि खडूने नाव लिहावयाचे कबूल केले.

एक शॉकर वेळेवर आला नव्हता. लोक समोर उभे राहून छायाचित्रे घेत होते आणि शिकाऊ मुलगा गाडीच्या पलीकडे, छायाचित्रात येऊ नये असा बसून, सकाळपासून झाकणाला लाकडी दांडी लावून ती हाताने धरून होता. दुपारी आम्ही त्याला चहा नेला तेव्हा त्याने दांडी आमच्या हाती दिली. तो चहा पीत होता तोवर आम्ही ती धरली; वजन पुष्कळ होते.