वज्राचे आजोळ

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या पश्चिम काठावर कौंडण्यपूर आहे. टेकडीवर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ, खाली नदीचे वळण आणि पलीकडच्या काठावर वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका. वऱ्हाडात कोणालाही विचारा, हे गाव म्हणजे रुक्मिणीचे माहेर. भीष्मक राजाची लेक अंबिकेच्या दर्शनाला गेली, कृष्णाचा रथ आला, शिशुपाल वऱ्हाडासकट हात चोळत राहिला. ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ असते आणि बहुतेकांच्या लेखी ती त्या रथाबरोबरच संपते. पण माहेर काही लेक गेली म्हणून संपत नाही. तिच्या मुलाबाळांसाठी तेच घर पुढे आजोळ होते. कौंडण्यपूरच्या घराण्याची ही पुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ती तीन पिढ्या चालते आणि एका पोरक्या मुलापाशी येऊन थांबते. त्या मुलाचे नाव वज्र. त्याचा गोतावळा ग्रंथाग्रंथांतून कसा जमत गेला, त्याचा मागोवा आपण घेऊ.

आधी त्या मुलाला भेटू. महाभारताच्या मौसलपर्वात युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी प्रभासक्षेत्री यादव आपसात लढून मरतात. प्रद्युम्न जातो, अनिरुद्ध जातो, पाठोपाठ बलराम आणि कृष्णही जातात. उरलेल्या स्त्रिया, मुले आणि म्हातारे यांना घेऊन अर्जुन द्वारकेतून निघतो, त्या काफिल्यात वज्र आहे. तो अनिरुद्धाचा मुलगा, प्रद्युम्नाचा नातू, कृष्णाचा पणतू. अर्जुन त्याला इंद्रप्रस्थाच्या गादीवर बसवतो आणि पणजी रुक्मिणी अग्निप्रवेश करते. एका पर्वात एवढे सगळे छत्र हरपलेला नायक आपल्या साहित्यात दुसरा सापडणे कठीण आहे. तरीही त्याच्याकडे आपले कथाकार फिरकलेच नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता त्याच्या आईच्या बाजूने मागे जाऊ. विदर्भाच्या घराण्याचे सर्वांत जुने धागे वैदिक वाङ्मयात आहेत आणि ते फार बारीक आहेत. ऐतरेय ब्राह्मणात विदर्भाच्या भीम राजाचा उल्लेख येतो. जैमिनीय ब्राह्मणात वाघालाही लोळवणारी विदर्भाची कुत्री भेटतात. बृहदारण्यक उपनिषदातल्या गुरुपरंपरेत विदर्भी कौण्डिन्य नावाचा एक आचार्य आहे. त्याचे नाव वाचताना वर्धाकाठच्या माणसाचे मन थबकल्याशिवाय राहत नाही. मात्र वधू अजून कोणी नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९व्या सूक्तात लोपामुद्रा अगस्त्याशी बोलते, पण ती कुठली लेक हे तिथे सांगितलेले नाही. तिला विदर्भराजाच्या घरी वाढवले ते महाभारताच्या वनपर्वाने. त्याच वनपर्वात नळाची दमयंती कुंडिनपूरच्या, म्हणजे आपल्या कौंडण्यपूरच्या, भीमाची मुलगी म्हणून येते. रामायणाच्या बालकांडात सगराची थोरली राणी केशिनी विदर्भाचीच. थोर पुरुषाला बायको हवी झाली की कथाकार विदर्भाकडे वळतात, ही वाट इथे पडते आणि त्या वाटेवरूनच पुढे रुक्मिणी येते.

रुक्मिणीचा थोरला मुलगा प्रद्युम्न. त्याचे बालपणही एका अर्थी पोरकेच. विष्णुपुराण सांगते की जन्मानंतर सहाव्या दिवशी शंबरासुराने त्याला सूतिकागृहातून उचलले आणि समुद्रात फेकले. माशाने गिळले, मासा कोळ्यांच्या जाळ्यात सापडला, तो शंबराच्याच स्वयंपाकघरात आला आणि चिरताना आतून मूल निघाले. शंबराच्याच घरातल्या मायावतीने त्याला वाढवले, सगळ्या मायांवर मात करणारी विद्या शिकवली आणि त्या विद्येच्या बळावर त्याने शंबराला मारले. तो द्वारकेत परतला तेव्हा अंतःपुरातल्या स्त्रियांना क्षणभर कृष्णच आल्यासारखे वाटले. रुक्मिणीच्या मनात मात्र हरवलेल्या लेकराची आठवण दाटून आली. जादूची विद्या शिकून आईबापांच्या वैऱ्याशी लढणारा मुलगा म्हटले की आजच्या वाचकाला १९९७ साली पुस्तकांच्या पानांवर आलेला हॅरी पॉटर आठवेल. तो वाढला मावशीच्या घरी. मावशीची माया त्याला कधी मिळाली नाही, पण आईच्या रक्ताचे नाते त्या घरात होते म्हणून तो तिथे सुरक्षित राहिला. पोरक्या मुलाला तारणारे नाते आईकडचे, ही कल्पना तिथे आहे. प्रद्युम्नाच्या बाबतीत आईकडच्या नात्याने निराळेच वळण घेतले.

रुक्मिणीचा भाऊ रुक्मी हा या घराण्यातला सर्वांत नाट्यमय पुरुष. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन तो रथामागे धावला, हरला, विद्रूप होऊन सुटला. शब्दाला जागून तो परत गेला नाही. जिथे हरला तिथेच त्याने भोजकट वसवले. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच ते भोजकट, असे इथले लोक मानतात. उद्योगपर्वात तो अक्षौहिणी सेना घेऊन आधी पांडवांकडे आणि मग कौरवांकडे जातो, तेव्हा दोन्ही पक्ष त्याला नको म्हणतात. भारतीय युद्धात बलरामाखेरीज बाहेर राहिलेला थोर योद्धा तो हाच. एवढे वैर असलेल्या या मामाची मुलगी प्रद्युम्नाने स्वयंवरातून आणली आणि प्रद्युम्नाचा मुलगा अनिरुद्ध याला रुक्मीने आपली नात दिली. म्हणजे बाप-लेक दोघांनीही मामाच्या घरची मुलगी केली. आता हिशेब मांडून पाहा. वज्राची पणजी विदर्भाची, आजी विदर्भाची, आई विदर्भाची. रुक्मी हा त्याच्या पणजीचा भाऊ, आजीचा बाप आणि आईचा आजोबा. एका पोरक्या मुलाला एकाच घराण्याशी तीन पदरांनी बांधणारे असे नाते मी दुसरीकडे वाचलेले नाही.

ही सोयरिक ग्रंथांनी कशी हाताळली ते पाहण्याजोगे आहे. हरिवंशात रुक्मीची मुलगी शुभांगी आणि नात रुक्मवती. भागवतात रुक्मवती हे नाव मुलीकडे जाते आणि नात रोचना होते. विष्णुपुराणात तीच नात सुभद्रा. नावे हातोहात बदलली, पण नाते एकानेही सोडले नाही. उलट भागवताला या नात्याचा थोडा संकोचच वाटलेला दिसतो. हा विवाहसंबंध धर्माला धरून नाही हे रुक्मीला कळत होते, तरी बहिणीच्या मायेपोटी त्याने नात दिली, असे दशमस्कंधाचा एकसष्टावा अध्याय सांगतो. उत्तरेच्या धर्मशास्त्राला मामाची मुलगी करणे मान्य नव्हते. बौधायन धर्मसूत्र ती दक्षिणेची चाल म्हणून नोंदवते. आपल्याकडे कितीतरी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानला जाई आणि त्याची चर्चा लग्नाच्या बैठकीत उघड होई. द्वारकेच्या यादवांचा वंशवृक्ष सांगणाऱ्या पुराणकाराने ही दक्षिणेची चाल तशीच ठेवली, कारण ती काढली असती तर विदर्भाचे नातेच कापावे लागले असते.

मायेचा हा मामला रोचनेच्या लग्नातच रक्तात बुडाला. भोजकटात लग्न लागले, पाहुणे द्यूत खेळायला बसले, कलिंगाच्या राजाने बलरामाला दात विचकून हसण्याची चूक केली, रुक्मीने हरलेला डाव आपला म्हटला आणि बलरामाने त्याला तिथेच मारले. भाऊ मेला तेव्हा रुक्मिणी मांडवात होती. भागवत म्हणते की कृष्ण काहीच बोलला नाही. बरे म्हटले तर रुक्मिणी दुखावणार, वाईट म्हटले तर बलराम. त्याच लग्नातून पुढे वज्र जन्मला. आजोळ आणि पितृकुळ यांच्यातले वैर त्याच्या जन्माआधीच रक्त सांडून मोकळे झाले होते.

पुराणांच्या बाहेरही या कुटुंबाच्या खुणा आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन राणीच्या लेखात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात, संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन आहे. मथुरेजवळ मोरा गावी सापडलेला पहिल्या शतकातला लेख वृष्णींच्या पाच वीरांच्या मूर्तींविषयी बोलतो. वायुपुराण ते पाच जण नावानिशी सांगते: संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, सांब, अनिरुद्ध. या पाचांत एक विदर्भकन्येचा मुलगा आणि एक तिचा नातू. पुढे पांचरात्र या वैष्णव मताने त्यांतल्या चौघांना चतुर्व्यूहात नेऊन तत्त्वज्ञान बनवले, पण मुळात तो एका घरातल्या माणसांचा देव्हारा होता.

त्यानंतर विदर्भाचे नाव इतिहासात ठळक झाले ते वाकाटकांच्या काळात. दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक गावी मिळाला आणि त्यात भोजकट राज्यातल्या चर्मांक गावाचे दान आहे. कथेतले गाव पाचव्या शतकातल्या तांब्याच्या पत्र्यावर महसुली नाव म्हणून उभे आहे! त्याच सुमारास कालिदासाने रघुवंशात विदर्भाच्या इंदुमतीला अजाची राणी केली. वाल्मीकी रामायणात तिचे नाव नाही. इंदुमती लवकर गेली, मुलगा जाणता होईपर्यंत अज जगला आणि मग त्यानेही देह ठेवला. असा दशरथ पोरका झाला आणि त्याचेही आजोळ विदर्भ ठरले. कालिदासापासून पुढे यादवांच्या आणि रघूंच्या दोन्ही घरांना आईची बाजू एकाच प्रांताची मिळाली. भवभूतीच्या मालतीमाधवातला माधव कुंडिनपूरचा आणि त्रिविक्रमभट्टाचे नलचंपू दमयंतीचे. संस्कृत कवींना या गावाची गोडी लागली ती अशी.

मग कथा मराठीत उतरली आणि तिने घर बदलले नाही. रिद्धपूर कौंडण्यपूरच्याच जिल्ह्यात. तिथे महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. मराठीची आद्य कवयित्री रुक्मिणीच्या माहेराजवळ बसून तिच्या लग्नाची गाणी गाते, हे मला या प्रवासातले सर्वांत लोभस वळण वाटते. थोड्याच वर्षांत, १२९२च्या सुमारास, नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर आले. देवगिरीच्या रामदेवराव यादवाने ते काव्य आपल्या नावावर मागितले आणि कवीने ते दिले नाही, अशी महानुभावांची आठवण आहे. एकनाथांनी काशीत शके १४९३ म्हणजे १५७१ साली आपले रुक्मिणीस्वयंवर पुरे केले. लग्न जुळावे म्हणून मुलींनी त्याचे पारायण करायचे, ही रीत घरोघर गेली. त्याच शतकात आसामात शंकरदेवांनी रुक्मिणीहरण नाटक रचले. तिकडे सदियाजवळ कुंडिल नदी आहे, अरुणाचलात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे आणि इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक सांगतात. कुंडिनपूर दोन ठिकाणी आहे म्हणून भांडणाऱ्यांत मी नाही. लेक एवढी गुणाची असली की माहेर म्हणवून घ्यायला दोन गावे पुढे येणारच. १९१६ साली खाडिलकरांच्या संगीत स्वयंवरात बालगंधर्व रुक्मिणी झाले, तेव्हा भीष्मकाचे घर रंगभूमीवर आले.

या साऱ्यात वज्राचे काय झाले? त्याला जपले ब्रजाने. तिथे त्याला वज्रनाभ म्हणतात. ब्रजाची ओसाड पडलेली कृष्णस्थळे त्याने पुन्हा वसवली अशी श्रद्धा आहे. त्याने कृष्णाला डोळे भरून पाहिलेले नव्हते, म्हणून जिने पाहिले होते अशा वडीलधाऱ्या बाईला विचारून त्याने मूर्ती घडवल्या. पहिलीची पावले जुळली, दुसरीची छाती, तिसरीचा चेहरा. करौलीचा मदनमोहन, जयपूरचे गोपीनाथ आणि गोविंददेव या त्या तीन मूर्ती, असे तिकडचे भाविक सांगतात. पोरका पणतू पणजोबांचा चेहरा तुकड्यातुकड्याने जमवतो. हॅरी जादूच्या आरशासमोर रात्र रात्र बसून न पाहिलेल्या आईबापांकडे बघतो, त्याच्या कितीतरी आधीची ही भूक आहे.

आणि आजोळ? कौंडण्यपूरची पांढरी १९६२ ते १९६४ या काळात मोरेश्वर दीक्षितांनी खणली. सातवाहनांच्याही मागे जाणारी वस्ती त्यांना मिळाली आणि त्यांचा अहवाल १९६८ साली छापला गेला. मात्र गावाने जुने नाते खणून नव्हे, चालून जपले. १५९४ साली सदाराम महाराजांनी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला नेली, असे परंपरा सांगते. तुकोबांची पालखी १६८५ची, ज्ञानदेवांच्या पालखीचे आजचे रूप हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात दिलेले. त्या मानाने ही वाट फार जुनी. बाकीच्या पालख्या संतांच्या, ही माहेराहून आलेली. २०२१ साली साथीमुळे मानाच्या दहाच पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, त्यांत कौंडण्यपूरची रुक्मिणी होती. दरवर्षी उन्हाळा सरता सरता ती वर्धेच्या काठावरून निघते, वऱ्हाड आणि मराठवाडा ओलांडून भीमेच्या वाळवंटात पोचते. कार्तिकी पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेला कौंडण्यपुरात दहीहंडी फुटते. त्या दिवशी पांडुरंग पंढरपूर सोडून सासुरवाडीला येतो, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून वर्धेच्या पात्रात अंघोळ करून लोक टेकडीच्या पायऱ्या चढतात, जावयाचे स्वागत करायला.