लिंकनने न लिहिलेले पत्र आणि लिहिलेले

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी एक पत्र शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, काचेच्या चौकटीत, अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या गुरुजींना लिहिलेले म्हणून. वसंत बापटांनी त्याला असे काही मराठी रूप दिले की स्नेहसंमेलनात ते पाठ म्हणून दाखवणारा एखादा विद्यार्थी हमखास असायचा. इथे आल्यावर आपली मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा अनेकांना ते पुन्हा आठवले असेल.

ते पत्र लिंकनचे नाही. १९५३ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या समग्र लेखनात ते नाही. मजकूर चांगला आहे, बापटांची मराठी तर फारच चांगली आहे, तेव्हा चौकट उतरवायची काही गरज नाही. पण लिंकनला घरापासून दूर शिकणारा एक मुलगा खरोखरच होता, आणि परीक्षेत नापास झालेल्या एका मुलाला त्याने खरोखरच पत्र लिहिले होते. ती हकीकत भिंतीवरच्या पत्राइतकी गोड नाही.

लिंकनची स्वतःची शाळा सगळी मिळून वर्षभराचीही भरत नव्हती, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. वडील टॉमस जेमतेम सही करू शकत. बापलेकांचे कधी जमले नाही. १८५१ च्या जानेवारीत वडील अंथरुणाला खिळल्याचे कळले, तेव्हा लिंकनने सावत्र भावाला लिहिले की आता भेट झालीच तर ती सुखापेक्षा दुःखाचीच ठरेल की काय, अशी शंका वाटते. बायको आजारी होती हे खरे. पण तो अंत्यविधीलाही गेला नाही.

अशा माणसाचा थोरला मुलगा रॉबर्ट, जन्म १८४३ चा. लिंकन वकिलीसाठी वसंतात आणि शरदात आठवडेच्या आठवडे गावोगावच्या कोर्टांत फिरत असे. रॉबर्टला वडिलांची सर्वांत जुनी आठवण होती ती खोगिराच्या पिशव्या भरून निघण्याच्या तयारीत असलेल्या माणसाची. १८५९ मध्ये हा मुलगा हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेला बसला आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे १६ पैकी १५ विषयांत नापास झाला! मग तयारीसाठी त्याला न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झेटर अकादमीत ठेवले. इलिनॉयमधल्या घरापासून ही शाळा हजारेक मैलांवर.

२७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमध्ये लिंकनचे जे भाषण गाजले, त्याने त्याचा अध्यक्षपदाकडचा रस्ता मोकळा झाला, असे इतिहासकार सांगतात. त्या भाषणाचे मानधन होते २०० डॉलर. पण इतक्या लांब येण्याला आणखी एक कारण होते, ते म्हणजे एक्झेटरला मुलगा होता. न्यू यॉर्कहून तो तिकडे निघाला, आणि वाटेत गावोगावच्या लोकांनी त्याला भाषणांसाठी धरले. एक्झेटरच्या सभेत पोरे कुजबुजली की बॉबचे वडील दिसायला किती ओबडधोबड! अशी आठवण तिथल्याच एका विद्यार्थ्याने नोंदवली आहे. भाषण सुरू झाल्यावर रूपाचा विचार कोणाच्या मनात राहिला नाही, असेही तो सांगतो. तिथूनच ४ मार्चला लिंकनने बायकोला लिहिले की न्यू यॉर्कचे भाषण आधीपासून ठरलेलेच होते, त्याचा त्रास झाला नाही. पण ज्यांनी आपले सगळे विचार छापून आलेले वाचले आहेत त्यांच्यापुढे आणखी नऊ वेळा बोलायचे म्हणजे कठीण. हे आधी कळते तर पूर्वेकडे आलोच नसतो! मुलाला भेटायला निघालेल्या बापाची ही कुरकुर मला त्या चौकटीतल्या सुविचारांपेक्षा जवळची वाटते.

त्या उन्हाळ्यात रॉबर्ट हार्वर्डची परीक्षा पास झाला. त्याच्याच गावचा आणि एक्झेटरला त्याच्याबरोबर असलेला मित्र जॉर्ज लॅथम नापास झाला. लिंकन तेव्हा रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. दारात माणसांची रीघ. तरी रॉबर्टच्या पत्रातून बातमी कळताच दुसऱ्याच दिवशी, २२ जुलै १८६० ला, त्याने जॉर्जला पत्र लिहिले. तुझी बातमी ऐकून झाले इतके दुःख आयुष्यात क्वचितच झाले असेल, पण निराशेला मनात शिरू दिले नाहीस तर यात फारसे काही नाही, असे तो सांगतो. ठाम ठरवलेस तर तू अपयशी होऊच शकत नाहीस, ही खात्री पुष्कळ सोसलेल्या एका वयस्क माणसाची आहे. मग एक व्यवहाराची गोष्ट: विद्यापीठाचे अध्यक्ष बहुधा दयाळूच असतील, त्यांना जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते विचार. आणि जे सहज आत गेले त्यांच्यापेक्षा तू पुढे चांगला विद्वान होणार नाहीस, असे या अपयशाने सिद्ध होत नाही. खाली सही ‘मित्र’ म्हणून. जॉर्ज पुढेही हार्वर्डला गेला नाही. कॉलेजचे निकाल आता आपल्या घरांत पाकिटाऐवजी संगणकावर येतात, आणि ज्या घरी नकार येतो तिथे नापास झालेल्या मुलाशी काय बोलावे हे आईबापांना सुचत नाही. हे पत्र वाचून ठेवावे.

रॉबर्टला मात्र वडिलांकडून असे पत्र आल्याचे दिसत नाही. उरल्या आहेत त्या तारा. जुलै १८६३ मध्ये आई बग्गीच्या अपघातात सापडली तेव्हाची, काळजी करू नकोस म्हणणारी. नंतर काही दिवसांनी, तुझ्याकडून काहीच का कळत नाही, असे विचारणारी. धाकटा टॅड बारा वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नव्हते, आणि लिंकनने त्याचा कधी बाऊ केला नाही.

रॉबर्टला सैन्यात जायचे होते. एडी १८५० मध्ये आणि विली १८६२ मध्ये गेल्यावर आई तिसरा मुलगा पाठवायला तयार नव्हती. शेवटी १९ जानेवारी १८६५ ला लिंकनने जनरल ग्रँटला लिहिले: मी राष्ट्राध्यक्ष नाही, केवळ मित्र आहे असे समजून उत्तर द्या. मुलाला आपल्या हाताखाली नावापुरत्या हुद्द्यावर घेता येईल का? खर्च सरकारचा नको, माझा. आणि ज्यांनी आधीपासून सेवा केली त्यांचा हक्क डावलून त्याला पद नको. वशिल्याचे पत्र ते वशिल्याचेच. पण त्याला लाज वाटत होती हे ओळीओळीत दिसते.

पुढे रॉबर्टने लिहिले की लहानपणी वडील सदैव बाहेर, मग आपण शिकायला दूर, आणि ते अध्यक्ष असताना निवांत दहा मिनिटेही बोलणे झाले नाही. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला जनरल लीने शरणागती दिली तेव्हा कॅप्टन रॉबर्ट तिथे होता. १४ तारखेला सकाळी व्हाइट हाउसमध्ये न्याहारीच्या वेळी त्याने ती हकीकत वडिलांना सांगितली. संध्याकाळी नाटकाला चलतोस का, असे त्याला विचारले. रॉबर्ट दमला होता. तो घरीच थांबला.