रहस्यकथांच्या मालिका आणि वाचणाऱ्या बायका

आपल्या मंडळाच्या कपाटातील कोणती पुस्तके सर्वांत जास्त फिरतात, असे कोणी विचारले तर नोंदवही उघडण्याचीही गरज नाही. पुस्तकांच्या पाठी पाहाव्यात. ज्यांची शिवण सुटली आहे, कोपरे दुमडले आहेत आणि ज्यांना खाकी कागदाचे दुसरे नाही तर तिसरे कव्हर घातले आहे, ती बहुधा रहस्यकथांची निघतात. तरीही नव्या खरेदीची यादी करायला आपण बसतो तेव्हा चरित्रे, कादंबऱ्या, पाककृती, आरोग्य यांची नावे मोठ्याने घेतली जातात आणि रहस्यकथेचे नाव सर्वांत शेवटी येते, तेही जरा हळू आवाजात. हा संकोच आजचा नाही, त्याला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. वर्धापनदिनाच्या निमित्ताने तो थोडक्यात सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकात बायकांनी कादंबरी वाचावी की नाही, हाच मुळी वादाचा विषय होता. इंग्लंडात १८६० नंतर खून, लपविलेली लग्ने, बदललेली मृत्युपत्रे अशा विषयांवरच्या कादंबऱ्या निघू लागल्या, तेव्हा त्या वाचून घरच्या लेकीसुना बिघडतील अशी ओरड तेथील मोठमोठ्या पत्रांतून झाली. आपल्याकडेही निराळे काही नव्हते. कादंबरी वाचणारी सून म्हणजे कामचुकार सून, हे समीकरण पुष्कळ घरांत ठरलेले होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक काढले, तेव्हा स्त्रियांना वाचावेसे वाटेल असे काही त्यांच्या हाती द्यावे हा विचार त्यामागे होता. पण वाचायला मिळणे ही एक गोष्ट आणि आपले पुस्तक आपण निवडणे ही दुसरी. वाचनालयात जायचे ते घरातल्या पुरुषांनी नाही तर मुलांनी. बाईने चिठ्ठी द्यायची आणि येईल ते पुस्तक गोड मानून घ्यायचे. तेव्हा पुस्तकाची निवड ही क्षुल्लक बाब समजू नये.

आता रहस्यकथेच्या जन्माकडे वळू. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची पॅरिसमधील एका दुहेरी खुनाची कथा १८४१ साली प्रसिद्ध झाली. बंद खोलीत खून, गोंधळलेले पोलीस आणि केवळ तर्काच्या बळावर उलगडा करणारा ड्युपाँ नावाचा गृहस्थ, हा साचा त्या कथेने घालून दिला. पोने ड्युपाँला एकंदर तीन कथांत आणले. म्हणजे पहिल्या गुप्तहेराबरोबरच पहिली मालिकाही जन्मली, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १८६८ साली विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी आली. तिच्यातील हिरा १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडात नेलेला आहे आणि तो परत मिळविण्यासाठी तीन हिंदू पुरोहित देशोदेशी फिरतात. इंग्रजी रहस्यकादंबरीच्या अगदी आरंभी असा आपल्या देशाचा चोरीला गेलेला ऐवज येऊन बसला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शेरलॉक होम्स सर्वांना ठाऊक असतो. परंतु होम्सच्या आधी नऊ वर्षे, १८७८ साली, ॲना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन बाईने ‘द लेव्हनवर्थ केस’ ही रहस्यकादंबरी लिहिली आणि ती अतोनात खपली, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. तिचे वडील वकील होते. साक्षीपुरावा, मृत्युपत्र, पंचनामा यांची तिला असलेली जाण पानापानांतून दिसते. तिचा गुप्तहेर ग्राइस हा पुढे अनेक पुस्तकांतून येत राहिला. १८९७ च्या एका कादंबरीत तर तिने त्याच्या जोडीला अमेलिया बटरवर्थ नावाची एक प्रौढ, अविवाहित, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नजर ठेवणारी बाई आणली. शेजारच्या घरी रात्री कोण आले, दिवा किती वाजता मालवला, हे टिपणारी बाई एरवी चेष्टेचा विषय होते. ग्रीनबाईंनी तिच्या त्या सवयीला पुराव्याची किंमत दिली.

होम्स १८८७ साली एका वार्षिक अंकातून पुढे आला, पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतले ते १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात त्याच्या लघुकथा येऊ लागल्यावर. यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटतो. प्रत्येक अंकात पूर्ण कथा आणि तिच्यात माणसे मात्र तीच, असे केले म्हणजे नवा वाचक केव्हाही येऊ शकतो आणि जुना सुटत नाही. कॉनन डॉयलने कंटाळून १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात लोटले, तेव्हा वाचकांनी केलेला गहजब प्रसिद्धच आहे. अखेर १९०३ मध्ये त्याला होम्सला परत आणावेच लागले. मालिकेचे प्रेम म्हणजे काय, याचा हा पहिला मोठा दाखला. गुन्हा दर वेळी नवा असतो, पण खोली, खुर्ची, मित्र, बोलण्याची लकब तीच असते. दिवसभर दहाजणांची दहा कामे उरकून रात्री दिव्याखाली बसलेल्या माणसाला अनोळखी घरापेक्षा ओळखीच्या घरी जावेसे वाटते, त्यातलाच हा प्रकार.

पुढच्या काळात या प्रांतावर बायकांनी राज्य केले. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करीत होती. विषांची माहिती तिला तेथेच झाली आणि १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीतला खूनही विषाचाच आहे. तिने साठाहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. तिचा प्वारो टापटिपीचा, मिशांची निगा राखणारा परदेशी गृहस्थ. पण आपल्याला अधिक जवळची वाटते ती मिस मार्पल. १९३० साली ती प्रथम कादंबरीत आली. हातात लोकरीचे विणकाम, गावाबाहेर फारसे जाणे नाही, पण माणसांचे स्वभाव तिला तोंडपाठ. अमका खुनी तिला ओळखू येतो, कारण गावातला कोणी मासेवाला किंवा कोणाची मोलकरीण पूर्वी अशीच वागली होती! घर आणि शेजार यांत मिळविलेले शहाणपण पोलिसांच्या शास्त्राइतकेच उपयोगी असते, हे तिने लाखो वाचकांच्या गळी उतरविले. त्याच वर्षी लंडनला डिटेक्शन क्लब निघाला. वाचकापासून महत्त्वाचा दुवा लपविणार नाही, दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने उलगडा करणार नाही, अशी शपथ त्याच्या सभासदांना घ्यावी लागे. चांगली रहस्यकथा कोणती, हे ठरवायला ही शपथ अजूनही पुरेशी आहे.

पुस्तके निघाली, पण ती निवडावी कशी, हा प्रश्न प्रकाशकांनाही पडला होता. इटलीत १९२९ साली मोंदादोरी या प्रकाशनाने रहस्यकथा पिवळ्या मुखपृष्ठांत काढल्या. परिणामी त्या भाषेत ‘पिवळे’ या शब्दाचा अर्थच रहस्यकथा असा होऊन बसला. १९३५ मध्ये इंग्लंडात सहा पेनींची पेंग्विन पुस्तके निघाली. पहिल्या दहा पुस्तकांत दोन रहस्यकथा होत्या, दोन्ही बायकांनी लिहिलेल्या, आणि त्यांचा रंग हिरवा ठरला. बूट्स या औषधांच्या दुकानांनी तर शतक पालटण्याच्या सुमारास आपल्या शाखांतून वाचनालयेच उघडली, ती १९६६ पर्यंत चालली. औषध घ्यायला आलेली बाई जाताना पुस्तक घेऊन जाई. चिठ्ठी देऊन दुसऱ्याला पाठविण्याचे दिवस तेथे असे संपले.

आता आपल्या घराकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवन गुहा’, ‘शापविमोचन’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी मराठी वाचकांना वेड लावले. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांचा आधार घेऊन त्यांनी भुयारे, गुप्त दारे, कपटी कारभारी हे सारे मराठी मातीत असे रुजविले की मूळ परदेशी आहे हे कोणाच्या मनातही येऊ नये.

त्यानंतर १९४० च्या दशकापासून बाबूराव अर्नाळकरांचे युग सुरू झाले. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसे घरोघरची झाली. सहज हातात मावणारे पुस्तक, एका बैठकीत संपणारी गोष्ट आणि रघुवीर मुळगावकरांनी रंगविलेले मुखपृष्ठ! पुस्तकांची निवड करायला दुसरे काही लागतच नसे. झुंजारचे हवे की काळा पहाडचे, एवढे सांगितले की वाचनालयवाला पुस्तक काढून देई. झुंजारची पत्नी विजया हीही त्याच्या साहसांत मागे नसे. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, फिरोज इराणी अशा नायकांच्या वेगवेगळ्या मालिका चालविल्या आणि त्यांतून तयार झालेला वाचकवर्ग त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांकडेही नेला. बंगालीतील सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांचा झाला.

येथे एक गोष्ट चाणाक्ष भगिनींच्या ध्यानात आली असेल. विलायतेची नावे सांगताना बायकांची नावे भराभर आली, मराठीची सांगताना मात्र लेखक सारे पुरुषच आले. वाचणाऱ्या मात्र आपण पुष्कळ होतो. अर्थात विलायतेतही सारे सुरळीत नव्हते. अमेरिकेत बायकांच्या रहस्यकथांना वर्तमानपत्रांत परीक्षणाची जागा पुरेशी मिळत नाही, हे पाहून सारा पारेत्स्की आणि तिच्या सहकारी लेखिकांनी १९८६ साली आपला स्वतंत्र संघ काढला. खप पुष्कळ आणि मान थोडा, हे रहस्यकथेचे जुनेच दुखणे. लेखिका बाई असली की ते दुप्पट होते.

नव्याने वाचू लागणाऱ्या मैत्रिणींसाठी निवडीविषयी दोन शब्द. मालिका दोन प्रकारच्या असतात. काहींत क्रमाला महत्त्व नसते. होम्स, झुंजार, मिस मार्पल यांचे कोणतेही पुस्तक आधी उचलावे. तरी प्वारोचे ‘कर्टन’ हे शेवटचे पुस्तक शेवटीच वाचावे हे बरे. दुसऱ्या प्रकारात माणसांचे आयुष्य पुस्तकागणिक पुढे सरकते. डोरोथी सेयर्सच्या पुस्तकांत हॅरिएट व्हेन ही लेखिका १९३० साली खुनाच्या आरोपातून सुटते आणि ज्याने सोडविले त्याच्याशी केवळ उपकाराखातर लग्न करायला नकार देते. तिचा होकार यायला १९३५ चे पुस्तक उजाडावे लागते. ही पुस्तके उलटसुलट वाचली तर त्या नकाराची किंमतच कळणार नाही. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिसाची दहाच पुस्तके लिहिली. मुले निजल्यावर दोघे टेबलाशी बसत आणि एकेक प्रकरण वाटून घेत. ती दहा मिळून एकच मोठी कादंबरी आहे, म्हणून पहिल्यापासून धरावी. नव्या मालिकेचे पहिले पुस्तक आवडले नाही तरी दुसरे वाचून पाहावे. पुष्कळ लेखकांना आपला नायक नीट सापडायला एखादे पुस्तक लागते. आणि शेवटचे पान आधी पाहण्याचा मोह मात्र आवरावा!

आता शेवटी मुद्द्याची गोष्ट. जी पुस्तके कमी वाचली जातात ती वाचनालयांत नीट टिकतात. जी पुष्कळ वाचली जातात ती झिजून जातात आणि हलकी समजली गेली असली तर रद्दीत जातात. स्वस्त कागदावर छापलेल्या मराठी रहस्यकथांचे हेच झाले. काही निवडक पुस्तके अलीकडे पुन्हा छापली गेली, परंतु त्या हजारो पुस्तकांपैकी कितीतरी आज पाहायलाही मिळत नाहीत. त्यांच्याबरोबर आपल्या आया, आज्या, मावश्या दुपारी भांडी आवरून पंख्याखाली काय वाचीत होत्या, कशाला घाबरत होत्या आणि कशाला हसत होत्या, याची खूणही पुसली जाते. बायकांच्या वाचनाचा इतिहास लिहू म्हणणारीला हा पुरावा कोठून मिळणार?

म्हणून सभासद भगिनींना आणि शेजारच्या सर्व कुटुंबांना विनंती आहे की, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, आजीच्या कपाटात अशी पुस्तके असतील तर ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी मंडळात आणावीत. पहिले पान फाटलेले असले तरी चालेल. कव्हर आम्ही घालू, शिवण घालू, नोंद करू. पुस्तकावर कोणी नाव घातले असेल किंवा समासात ‘खुनी हाच’ असे लिहून ठेवले असेल, तर ते खोडू नये. आणि खरेदीची यादी होईल त्या सभेस आवर्जून यावे व आपल्या आवडीच्या मालिकेचे नाव सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे.