शुक्राने दिलेली मोजपट्टी

बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. सूर्याजवळचे हे चार खडकाळ ग्रह आपली मुलं लहानपणीच पाठ करतात. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, हेही घडाघडा सांगतात. पण मंडळी, हा आकडा काढला कसा? त्या कथेची सुरुवात इथेच, लँकेशायरमध्ये झाली.

केप्लरच्या नियमांमुळे ग्रहांच्या अंतरांचं प्रमाण कळलं होतं. पृथ्वीचं अंतर १०० मानलं तर शुक्राचं ७२. पण प्रत्यक्षात किती? नकाशा होता, मोजपट्टी नव्हती. ती शुक्राने दिली.

क्वचित कधी शुक्र पृथ्वी आणि सूर्याच्या बरोबर मध्ये येतो आणि सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना दिसतो. हे शुक्राचं अधिक्रमण. १६३९ साली मच हूल गावात जेरेमाया हॉरॉक्स या विशीतल्या तरुणाने ते गणिताने आधीच ओळखलं आणि दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडून पाहिलं. त्यावरून त्याने सूर्याचं अंतर सुमारे साडेनऊ कोटी किलोमीटर काढलं. उत्तर कमी पडलं, तरी आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी जवळचं. १६४१च्या जानेवारीत तो वारला.

१७१६ मध्ये एडमंड हॅलेने सुचवलं, की जगात दूरदूरच्या ठिकाणांहून अधिक्रमणाच्या वेळा मोजा. त्यांतल्या फरकावरून अंतर निघेल. पुढचं अधिक्रमण १७६१ साली होतं. आपण तेव्हा नसणार हे ठाऊक असूनही त्याने पुढच्या पिढीला कळकळीने विनवलं.

त्या हाकेला ओ देऊन फ्रान्सचा ल जांतिय पाँडिचेरीला निघाला. वाटेतच कळलं, ते ब्रिटिशांनी जिंकलंय. १७६१चं अधिक्रमण त्याने हलत्या जहाजावरून पाहिलं, मोजमाप व्यर्थ. आठ वर्षं तो पूर्वेकडेच राहिला. १७६९ मध्ये पाँडिचेरीला सगळी तयारी झाली, आणि नेमक्या वेळी ढग आले! १७७१ मध्ये घरी परतला, तर वारस त्याला मेलेला समजून मालमत्ता वाटून घ्यायच्या बेतात होते.

पण ताहितीहून कॅप्टन कुकच्या आणि इतर अनेकांच्या नोंदी आल्या. त्यांवरून लालांदने १७७१ साली अंतर काढलं: १५.३ कोटी किलोमीटर. आजचा आकडा आहे १४.९६ कोटी. तो १९६१ पासून रडारच्या लहरी शुक्रावर आपटवून आणखी अचूक झाला. पुन्हा शुक्रच!

२००४ आणि २०१२ची अधिक्रमणं होऊन गेली. पुढचं आता डिसेंबर २११७ मध्ये. आपण नसू, पण मुलांनी ‘१५ कोटी’ म्हटलं की त्यांना हॉरॉक्स, हॅले आणि बिचाऱ्या ल जांतियची गोष्ट जरूर सांगा.