थोड्या प्राणवायूवर जगणारी कूर्चा

धर्माबादच्या मिरची बाजारात वर्षानुवर्षे पोती वाहणाऱ्या हमालाचा गुडघा दुखू लागला, की घरचे म्हणतात, 'वंगण संपलं.' डॉक्टर म्हणतात, 'गादी झिजली.' ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा. पाठ्यपुस्तकात तिलाच आपण कास्थी म्हणतो. खरचटलेली कातडी भरून येते, मोडलेले हाडही सांधते. मग कूर्चाच का भरून येत नाही?

प्रश्न जुना आहे. 1743 मध्ये विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांतील कूर्चेवर निबंध मांडला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा तयार होत नाही, हे हिप्पोक्रेटिसच्या काळापासून सर्वमान्य आहे, अशी नोंद त्यांनी केली.

जखम भरण्यासाठी रक्त हवे, हे आपल्याकडचे कारागीर अनुभवाने जाणत होते. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने नवे नाक बसवले. ही हकिगत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. कपाळाची कातडी नाकावर वळवताना ती पूर्ण तोडली नव्हती. दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ राखला होता, आणि तो सुमारे पंचविसाव्या दिवशी कापत. त्या देठातून रक्त येई आणि रक्ताबरोबर प्राणवायू.

कूर्चेला असा देठच नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. शरीरातील बहुतेक पेशी केशवाहिनीपासून 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत असतात. गुडघ्यातील कूर्चेची जाडी मात्र 2 ते 4 मिलिमीटर असते. तिच्या पेशींना अन्न आणि प्राणवायू सांध्यातील द्रवातून, झिरपत झिरपत मिळतो. इतक्या कमी पुरवठ्यावर त्या जगतात कशा? 1937 मध्ये बायवॉटर्स यांनी सांध्यातील ऊतींचा चयापचय तपासला, तेव्हा कूर्चा फारच थोडा प्राणवायू वापरते असे आढळले. ती आपली बहुतेक ऊर्जा प्राणवायूविना ग्लुकोज मोडून मिळवते. आपण श्वासात घेतो त्या हवेत 21 टक्के प्राणवायू असतो. कूर्चेच्या वरच्या थरात तो साधारण 5 ते 10 टक्के, तर खोल थरात 1 ते 2 टक्क्यांपर्यंत उतरतो.

1994 मध्ये स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 23 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी काढून त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि गुडघ्यातील खड्ड्यात सोडल्या. पण पेशी वाढवताना एक अडचण होती. सपाट बशीत वाढलेल्या पेशी आपला स्वभाव विसरतात. कूर्चेचे खास कोलॅजन सोडून त्या व्रणासारख्या ऊतीचे कोलॅजन बनवू लागतात. शिवाय प्रयोगशाळेच्या पेटीत प्राणवायू जवळजवळ हवेइतकाच, म्हणजे कूर्चेच्या घरापेक्षा कितीतरी जास्त!

पुढे अनेक प्रयोगशाळांनी पेशींना त्रिमितीय आधार दिला आणि प्राणवायू 5 टक्के किंवा त्याहून कमी ठेवला. तेव्हा बऱ्याच प्रयोगांत पेशी पुन्हा कूर्चेचे घटक बनवू लागल्या. प्राणवायू कमी झाला की पेशीत एचआयएफ नावाची प्रथिने टिकून राहतात आणि योग्य जनुके चालू करतात. पेशी प्राणवायू कसा ओळखतात, या शोधासाठी 2019 चे नोबेल पारितोषिक केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळाले. 2001 मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले, की एचआयएफ-1 नसेल तर वाढत्या हाडांच्या कूर्चेतील आतल्या पेशी मरतात. अर्थात प्राणवायू अगदीच संपला, तर कूर्चेचेही काम मंदावते.

भारतातही 2017 मध्ये अशा पेशी-उपचाराला परवानगी मिळाली. मात्र तो महाग आहे, आणि मर्यादित जागेतील इजेसाठीच उपयोगी पडतो. आपल्या हमालाच्या सबंध झिजलेल्या सांध्यावर तो अजून उत्तर नाही.

'प्राणवायूशिवाय जीवन नाही' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगतो. पुढच्या वेळी त्याला एक प्रश्न जोडून पाहावा: 'पण कोणत्या पेशीला किती?' प्रयोगशाळांनी हा प्रश्न कूर्चेला उशिराच विचारला.