मोटारहोमला स्टेपनी हवीच का?

शयनकक्ष, स्वयंपाकघर आणि स्नानगृह सोबत घेऊन धावणाऱ्या मोठ्या मोटारहोममध्ये जागेचा आणि वजनाचा हिशेब काटेकोर असतो. या हिशेबात पहिली कात्री बहुधा स्टेपनीला लागते. शंभर किलोच्या आसपास वजनाचे चाक प्रवाशांना उचलता येत नाही, मग ते वाहून कशाला न्यायचे, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. वरवर तो पटण्याजोगा असला, तरी गोव्यातून लांबच्या जंगलसफरीला निघणाऱ्या कुटुंबाने तो नीट तपासून पाहावा.

शब्दाची कुळकथा

आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लॅनेली येथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये पंक्चर झालेल्या चाकाला वरून जोडता येईल, असे आरे नसलेले चाक बाजारात आणले. तेथील स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला नाव मिळाले. पुढे ही रचना मागे पडली. शब्द मात्र भारतीय गॅरेजांत टिकून राहिला.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची गरज राहिली नाही. बस किंवा ट्रकच्या चॅसीवर बांधलेली मोठी मोटारहोम या वजनमर्यादेपलीकडे जाते. शिवाय दुरुस्ती संच खिळ्याचे लहान भोक बुजवतो. धारदार दगडाने टायरची बाजू फाटली, तर त्याचा उपयोग होत नाही.

मागे जोडचाके असल्याने एक टायर गेला तरी गाडी चालेल, हा समजही घातक आहे. जोडीतील एकाची हवा गेली, की दुसऱ्यावर दुप्पट भार येतो. तो तापून फुटू शकतो. घासल्या जाणाऱ्या निकामी टायरला आगही लागू शकते.

कटंगीच्या वाटेवर

बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचे तालुक्याचे ठिकाण. नागपूरहून तुमसर, कटंगी, वाराशिवनी, बालाघाट आणि बैहर या मार्गाने कान्हा व्याघ्र प्रकल्पाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे जाता येते. हा मँगनीजचा पट्टा आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला, तर बालाघाट जिल्ह्यात तिरोडी, भरवेली आणि उकवा येथे मॉइलच्या खाणी आहेत. खनिजाचे ट्रक जिथे धावतात, तिथे हवेचा कॉम्प्रेसर, मोठा जॅक आणि लांब दांड्याचा पाना बाळगणारा पंक्चरवाला असतोच. डिचोली-सांग्याचा खाणपट्टा पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

अशा ठिकाणी कारागीर मिळतो, अवजारे मिळतात. मात्र त्याच्याकडे असतात ते तिथल्या ट्रकांच्या मापाचे टायर. मोटारहोमचे माप कमी खपाचे असेल, तर टायर नागपूर किंवा जबलपूरहून मागवण्यावाचून गत्यंतर नसते. पुढे बालाघाट ते बैहर हा रस्ता घाट आणि जंगल ओलांडतो. तिथे मुले आणि ज्येष्ठ यांच्यासह रात्र काढायची, की दोन तासांत मार्गाला लागायचे, हे गाडीत योग्य मापाचा टायर आहे की नाही यावर ठरते.

म्हणजे स्टेपनी प्रवाशाने स्वतः बसवावी यासाठी नसतेच. मदतीला येणाऱ्या कारागिराचे हात रिकामे राहू नयेत, यासाठी ती असते. ती उचलता येत नाही, हे ती न नेण्याचे कारण ठरत नाही.

वजनाचा तोडगा

शंभर किलोची स्टेपनी म्हणजे टाकीतील शंभर लिटर पाणी. वाटेत पाणी मिळते. टाकी अर्धी ठेवली, की हिशेब जुळतो. तेही शक्य नसेल, तर रिमविना नुसता टायर न्यावा. रिम सहसा शाबूत राहते आणि वजन बरेच घटते. मात्र तो चढवण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे. महामार्ग न सोडणाऱ्या आणि ट्रकांचेच प्रचलित माप वापरणाऱ्या वाहनाला, भरवशाची रस्ता-मदत सेवा असल्यास, स्टेपनीविना निभावता येईल.

निघण्यापूर्वी

• पुढच्या आणि मागच्या चाकांचे माप एकच आहे का, हे पाहावे.
• टायरवरील चार अंक वाचावेत. १८२२ म्हणजे २०२२ च्या अठराव्या आठवड्यातील उत्पादन. न वापरलेले रबरही जुने होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर बदलावा.
• स्टेपनीतील हवा इतर चाकांबरोबरच तपासावी.
• किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत चॅसीखालची साखळी आणि नट गंजतात. स्टेपनी एकदा खाली उतरवून पाहावी.
• जॅक वाहनाचा भार पेलणारा असावा.
• चाक बदलल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळून घ्यावेत.