दुसऱ्या आखाताची गोष्ट

मान्सून म्हटला की तो आपल्याच घरचा पाहुणा, असं आपण समजतो. पण अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातही दर उन्हाळ्यात मान्सूनची वाट पाहिली जाते. सोनोरन वाळवंटातले तोहोनो ओओदाम आदिवासी तर सग्वारो निवडुंगाच्या फळांची दारू करून पावसाला बोलावतात. त्यांचं नवं वर्षच या पावसानं सुरू होतं.

वाळवंटात एवढी ओल येते कुठून? १९५०च्या दशकापर्यंत ठरलेलं उत्तर होतं, पूर्वेकडच्या मेक्सिकोच्या आखातातून. मला या उत्तराचं नेहमी नवल वाटतं. कारण त्या वाऱ्यांच्या वाटेत सिएरा माद्रेची डोंगररांग आडवी आहे, आणि डोंगर खालच्या थरातली ओल कशी अडवतो हे सह्याद्रीपलीकडे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

१९७२ मध्ये हेल्स या हवामानतज्ज्ञाने पश्चिमेकडे बोट दाखवलं. कॅलिफोर्नियाचं आखात म्हणजे मेक्सिकोची मुख्य भूमी आणि बाहा द्वीपकल्प यांच्यामधली हजार किलोमीटरहून लांब, चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यात तिथलं पाणी चांगलंच तापतं. आखाताच्या दक्षिण तोंडाशी वादळी ढग जमले की दोन्हीकडच्या डोंगरांमधून दमट हवेचा लोंढा उत्तरेला घुसतो. १९७४ मध्ये ब्रेनर यांनी अशाच एका लोंढ्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

हा लोंढा ओळखायचा कसा? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तो ज्या तापमानाला फुटतो त्याला दवबिंदू म्हणतात. हवेत वाफ जास्त, तर दवबिंदू वर. आखाताच्या टोकाजवळच्या युमा गावात दवबिंदू काही तासांत झपाट्यानं चढला, वारा दक्षिणेकडून वाहू लागला, पारा थोडा उतरला आणि हवेचा दाब वाढला, की समजावं, लोंढा आला. उपकरणं साधीच. घरातल्या बाईमाणसांना तर तीही लागत नसत. पाण्याचा कूलर गार हवा देईनासा झाला की त्यांना कळायचं. नागपूरकरांना हा अनुभव नवा नाही.

गंमत म्हणजे बाष्प दाखवणारी उपग्रहाची नेहमीची चित्रं इथे फसवी ठरत. ती वातावरणाच्या मधल्या-वरच्या थरांतली वाफ दाखवतात. हा लोंढा मात्र बराचसा जमिनीलगतच्या एक-दीड किलोमीटरमधून सरकतो. शिवाय तो निघतो मेक्सिकोत आणि पावसाचा अंदाज हवा असतो अमेरिकेला! म्हणून १९९० मध्ये एक मोहीम झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं ‘स्वॅम्प’, म्हणजे दलदल. वाळवंटातल्या कामाला नाव मोठं झकास. पुढे २००४च्या उन्हाळ्यात दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून मोठा प्रयोग केला. फुगे, विमानं, रडार आणि जीपीएससुद्धा. जीपीएसचा संदेश दमट हवेतून किंचित उशिरा पोहोचतो, त्या उशिरावरून डोक्यावरच्या वाफेचा हिशेब मांडता येतो.

एवढी धडपड कशासाठी? १२ ऑगस्ट १९९७ रोजी उत्तर अॅरिझोनातल्या अँटिलोप घळीत ११ पर्यटक पुरात वाहून गेले. जोराचा पाऊस कोसळला होता दूर, घळीच्या वरच्या अंगाला. अशा ठिकाणी ढग दिसेपर्यंत थांबून चालत नाही. ओल कुठवर आली हे आधी कळायला हवं. अर्थात लोंढा आला म्हणजे पाऊस आलाच, असंही नाही. वरच्या हवेतल्या उच्च दाबाची जागा जुळली नाही, तर उकाडा तेवढा पदरी पडतो.

फिनिक्समध्ये सरासरी दवबिंदू सलग तीन दिवस ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर राहिला की मान्सून सुरू, असा नियम होता. लोक दिवस मोजत बसत आणि वादळ त्याआधीच येऊन जाई. २००८ मध्ये हवामान खात्यानं तो मोडून १५ जून ते ३० सप्टेंबर असा कायमचा हंगाम ठरवला. लोकांची मोजणी त्यामुळे थांबली, पण अंदाज वर्तवणाऱ्यांची सुटका झाली नाही. त्यांना युमाचा दवबिंदू अजूनही पाहावाच लागतो.